टाच दुखत असताना पहिली हाफ मॅरेथॉन कशी पूर्ण करायची

रेसचा फॉर्म भरून झालाय, ट्रेनिंग सुरू झालंय, आणि आता रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेतून अशी कळ येते की भिंतीला धरूनच पहिली चार पावलं टाकावी लागतात. असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठीच लिहिलाय. मी माझी पहिली हाफ मॅरेथॉन टाचेच्या दुखण्यासकट केली, प्लांटर फॅसायटिस होता, म्हणजे तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा जो जाड पट्टा असतो ना त्याचं दुखणं. त्या वेळी आजूबाजूचे लोक दोनच गोष्टी सांगायचे, एक तर पळणं पूर्ण बंद कर नाहीतर लक्ष देऊ नकोस, पळत राहा. यांच्या मधला रस्ता कोणी नीट सांगत नव्हतं, तो मी इथे पायरी पायरीने लिहितेय.

एक गोष्ट आत्ताच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पळताना किती दुखलं यावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना किती दुखलं ते बघा. पळताना शरीर गरम झालेलं असतं, दुखणं दबतं, आपल्याला वाटतं जमतंय. खरा हिशोब सकाळी कळतो.

१. आधी नक्की काय दुखतंय ते शोधा

ही पायरी सोडून पुढे जाऊ नका. "पाय दुखतोय" या एका वाक्यात खूप वेगवेगळे आजार लपलेले असतात, काहींमध्ये पळत राहिलेलं चालतं आणि काहींमध्ये एक किलोमीटरसुद्धा महागात पडतो. पावलात २६ हाडं आहेत, त्यामुळे बोटाने दाबून नेमकी जागा सापडवा.

टाचेच्या खाली, आतल्या बाजूला दुखतंय, सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर पहिली पावलं जास्त दुखतात आणि थोडं चाललं की कमी होतं, तर बहुतेक प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या मागे, पोटरीकडून खाली येणाऱ्या जाड दोरीसारख्या शिरेत दुखतंय तर अकिलीस टेंडन. चवड्यात तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये जळजळ होते, बुटात खडा गेल्यासारखं वाटतं आणि बूट काढून बोटं मोकळी केली की बरं वाटतं, तर मॉर्टन्स न्यूरोमा असू शकतो, तिथे नस दाबली जात असते. त्यात बऱ्याचदा पुढून रुंद शूज घेतल्यावरच मोठा फरक पडतो.

आता ज्याला घाबरायचं ते. हाडावर एका बोटाने दाखवता येईल इतक्या छोट्या जागी दुखतंय, पळताना कमी न होता वाढतच जातं, पावलाच्या वरच्या बाजूला सूज आहे, रात्री झोपेत किंवा नुसतं बसलेलं असतानाही ठणकतं, एका पायावर उडी मारवत नाही, यातलं काहीही असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेची, शंका घ्यायची आणि पळणं त्याच दिवशी थांबवायचं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरून दाबल्यावर जोरात दुखली तर तीही टाचेच्या हाडातल्या फ्रॅक्चरची खूण असू शकते. घोट्याच्या थोडं पुढे, पावलाच्या वर मधोमध दुखत असेल तर अजिबात टाळू नका, तिथल्या नॅव्हिक्युलर नावाच्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो त्यामुळे ते जुळायला त्रास देतं.

इथे खूप लोक फसतात. एक्स-रे काढला, नॉर्मल आला, म्हणून पळायला लागले. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसतच नाही असं बरेचदा होतं, एमआरआयमध्ये लवकर दिसतं. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. याच्या उलटही होतं, एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसतं आणि माणूस खचून जातो. असं वाढलेलं हाड अजिबात न दुखणाऱ्या लोकांमध्येही सापडतं, त्यामुळे नुसत्या त्या फोटोवरून रेस रद्द करू नका.

ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा खेळाडूंबरोबर काम करणारा फिजिओ, दोघांपैकी एकाला दाखवाच. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली असते, किंवा पायाला मुंग्या येतात, बधिर वाटतं, किंवा तुम्हाला डायबेटिस आहे, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी पळायचं नाही. आणि रेस जवळ आलीय म्हणून टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचा मोह होईल, तर त्याने दुखणं काही आठवडे दबू शकतं पण तो पट्टा फाटण्याचा धोकाही असतो. इंजेक्शन घेऊन लगेच लांब पळणं मला तरी अजिबात पटत नाही.

इथून पुढचं सगळं टाचेखालच्या दुखण्याबद्दल आहे, आणि फ्रॅक्चर नाही हे नक्की झालंय असं धरून आहे.

२. दुखण्याला रोज नंबर द्या

शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. रोज तीन नंबर लिहायचे: सकाळची पहिली पावलं, पळताना सगळ्यात जास्त दुखलं तेव्हाचा, आणि रात्री झोपताना. फोनमध्ये लिहा, वहीत लिहा, कुठेही, पण लिहा. आठवणीवर ठेवलं की मन आपल्याला हवं तेच आठवतं.

मी पाळलेला नियम असा. पळताना ३ पर्यंत असेल तर चालू ठेवायचं. ४ किंवा ५ झालं तर चालायला लागायचं, आणि चालूनही खाली येत नसेल तर त्या दिवशीचं पळणं संपलं. ५ च्या वर गेलं तर लगेच थांबायचं. दुसऱ्या सकाळचा नंबर नेहमीपेक्षा वाढला नाही तर आदल्या दिवशीचं अंतर टाचेला झेपलं. वाढला तर पुढचं पळणं कमी करायचं किंवा त्या दिवशी सायकल. आणि नंबर कितीही कमी असू दे, लंगडायला लागलात की थांबा, यात तडजोड नाही. लंगडत पळलं की भार दुसऱ्या पायावर, गुडघ्यावर, कंबरेवर जातो आणि मग एकाची दोन दुखणी होतात.

३. तारीख आणि वेळेचं गणित मांडा

टाच दुखत असताना तयारीला मला १४ ते १६ आठवडे बरे वाटतात, कारण मध्ये एखाद-दोन आठवडे मागे यावंच लागतं. सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी जमायला हव्यात, अर्धा तास भरभर चालल्यावर दुसऱ्या सकाळी नंबर वाढत नाही आणि पळत-चालत ५ किमी होतात. हे जमत नसेल तर पुढची रेस धरा. बऱ्याच रेसमध्ये एन्ट्री पुढच्या वर्षी ढकलायची किंवा कमी अंतरात बदलायची सोय असते पण त्याची शेवटची तारीख असते, ती आजच नियमांमध्ये बघून कॅलेंडरला लावून ठेवा. दुखत असलेल्या माणसासाठी ही तारीख रेसच्या तारखेइतकीच महत्त्वाची आहे.

मग कट-ऑफ बघा, म्हणजे रेस पूर्ण करायला दिलेली जास्तीत जास्त वेळ. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किमी. कट-ऑफ ३ तास असेल तर सरासरी ८ मिनिटं ३२ सेकंदाला एक किमी पडतो, साडेतीन तास असेल तर साधारण ९ मिनिटं ५७ सेकंद. कट-ऑफ निवांत असलेली, सपाट रस्त्याची रेस निवडा. पहिल्या रेसला टायमिंगचं टार्गेट ठेवू नका, पूर्ण करणं एवढंच टार्गेट.

४. टाच मजबूत करणारे व्यायाम, हे कधीच चुकवू नका

सगळे लोक शूजबद्दल विचारतात आणि व्यायाम सोडून देतात. शूजने भार थोडा इकडचा तिकडे होतो, पण भार झेलायची ताकद व्यायामानेच येते. दोन व्यायाम आहेत, त्यातला पहिला सकाळी पलंगावरच करायचा.

दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर ठेवा, हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने मागे खेचा, तळव्याला ताण बसला पाहिजे, दुसऱ्या हाताने तळवा चाचपला तर पट्टा ताठ झालेला लागतो. १० सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. दिवसातून तीनदा, पण सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे सकाळी पाय जमिनीला लावण्याआधीची, आणि ऑफिसमध्ये बराच वेळ बसलात तर उठण्याआधीची.

दुसरा म्हणजे टाच उचलणं. एक टॉवेल घट्ट गुंडाळा, पायरीच्या कडेला ठेवा, पायाची बोटं त्या गुंडाळीवर आणि टाच पायरीच्या बाहेर हवेत. आधाराला कठडा धरा. आता एका पायावर ३ सेकंदात टाच वर न्यायची, वर २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदात खाली. बोटं वर वळलेली असल्यामुळे तळव्याच्या पट्ट्यावर बरोबर ताण येतो, म्हणून टॉवेल गाळू नका. सुरुवातीला १२ चे ३ सेट, दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर करा. १२ सोपे वाटायला लागले की पाठीवर सॅकमध्ये पुस्तकं भरा, मग १० चे ४ सेट, पुढे आणखी वजन आणि ८ चे ५ सेट. हळू करा, भरभर केलं तर उपयोग नाही. सुरुवातीला थोडं दुखेल, पायरी २ मधलाच नियम इथेही लावायचा.

फरक दिसायला आठवडे जातात, काही वेळा महिने. पहिल्या पंधरा दिवसांत काहीच झालं नाही म्हणून अर्धे लोक इथेच सोडतात, कृपा करून तुम्ही सोडू नका! पोटरीचं स्ट्रेचिंग, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दोन्ही प्रकारे रोज करा, त्याला पाच मिनिटं पुरतात.

५. शूज, टेप आणि बाकी सामान

शूज संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं आणि पळतानाही फुगतं. मोठ्या बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा पाहिजे. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, टाच आणि पोटरी दुखणाऱ्यांनी एकदम शून्यावर आणू नका, पोटरीवर आणि अकिलीसवर ताण वाढतो. जोड साधारण ५०० ते ८०० किमी टिकतो असं धरतात, त्यामुळे रेसचा जोड निदान महिनाभर आधी घ्या आणि दोन-तीन लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब पळणी, त्यातच करा. रेसच्या दिवशी नवा कोरा शूज घालू नका. नवे मोजे पण नाही.

लेस बांधताना सगळ्यात वरचं जास्तीचं भोक वापरा. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकातून आत घेऊन छोटा लूप करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या लूपमधून ओढायची आणि मग गाठ. टाच बुटात हलत नाही आणि उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत, म्हणजे नखं काळी पडायचं प्रमाण पण कमी होतं.

तळव्याला टेपिंग फिजिओकडून एकदा शिकून घ्या. थोड्या काळासाठी चांगला आराम मिळतो आणि लाँग रनला मला त्याचा खूप उपयोग झाला. तयार इनसोल, म्हणजे बुटात आत घालायचे तळवे, अनेकांना पुरतात, लगेच मापाचे बनवून घ्यायची गरज नसते. घरात फरशीवर अनवाणी फिरणं मात्र दुखणं असेपर्यंत बंद, आधार देणारी चप्पल पलंगाच्या शेजारीच ठेवा.

६. आठवड्याचं प्लॅन

आठवड्यात तीनच वेळा पळायचं आणि दोन पळण्यांच्या मध्ये निदान एक दिवस गॅप. त्यामधल्या दोन दिवशी सायकल किंवा स्विमिंग, दम तिथे वाढवा, टाचेला मार न बसता. स्प्रिंट, टेकडीवरचे जोरात चढ, इंटरव्हल म्हणजे मध्ये थांबून पुन्हा पुन्हा जोरात पळणं, हे सगळं यावेळी नको.

लाँग रन किमीमध्ये मी असे सुचवेन, एकेक आठवडा: ८, ९, १०, ८, ११, १२, १३, १०, १४, १५, १६, १२, ८ आणि मग रेस. दर काही आठवड्यांनी आकडा खाली आलाय तो मुद्दाम, त्या आठवड्यात टाचेला भरून निघायला वेळ मिळतो. सकाळचा नंबर वाढला तर त्याच आठवड्याचा आकडा परत करा. राहिलेला आठवडा भरून काढायला दोन लाँग रन एकत्र कोंबू नका, यानेच सगळ्यात जास्त लोक रेसच्या आधी घरी बसतात. १६ किमी आरामात झाले की २१ होतात, सरावात २१ पळायची काहीही गरज नाही.

आणि रन-वॉक. म्हणजे ठरवून थोडं पळायचं, ठरवून थोडं चालायचं. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली. चालणं म्हणजे हार असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशोब बघा: ४ मिनिटं पळायचं, किमीला ७ मिनिटं या वेगाने, मग १ मिनिट चालायचं, किमीला साडेदहा मिनिटं या वेगाने. सरासरी येते किमीला साडेसात मिनिटं, म्हणजे २१ किमी साधारण २ तास ३८ मिनिटांत. तीन तासांच्या कट-ऑफच्या चांगलं आत! यात एकच अट आहे, चालण्याचे ब्रेक पहिल्या किमीपासून घ्यायचे. दुखायला लागल्यावर चालायला सुरुवात केली तर त्याला रन-वॉक म्हणत नाहीत, तोपर्यंत टाच चिडलेली असते.

पावलं छोटी आणि थोडी जलद टाका. मिनिटाला पावलं मोजा आणि तो आकडा ५ टक्क्यांनी वाढवून बघा, १६० असेल तर १६८. प्रत्येक पावलाचा मार कमी होतो.

७. शेवटचे दोन आठवडे आणि कागदपत्रं

पळणं कमी करा, टाच उचलायचा व्यायाम रेसच्या चार-पाच दिवस आधी थांबवा, स्ट्रेचिंग चालू ठेवा. या दिवसांत वेळ मोकळा मिळतो म्हणून लोक टेस्ट करायला जोरात पळून बघतात. नको. बिब, म्हणजे छातीवर लावायचा रेसच्या नंबरचा कागद, घ्यायला गेल्यावर तिथे तासन्‌तास उभं राहू नका, आदल्या दिवशी टाचेला उभं राहणंसुद्धा जड जातं.

बरोबर काय लागतं:
- रजिस्ट्रेशनचा कन्फर्मेशन मेल आणि फोटो असलेलं ओळखपत्र
- काही रेस डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मागतात, त्याचा नमुना त्यांनीच दिलेला असतो, आधीच सही घेऊन ठेवा
- दुसरा कोणी बिब घेणार असेल तर त्याच्याकडे तुमचं लेखी पत्र आणि ओळखपत्राची कॉपी
- बिब, चार सेफ्टी पिना, टायमिंग चिप वेगळी असेल तर ती
- वापरलेले शूज, वापरलेले मोजे, टेप, छोटी कात्री, व्हॅसलीन
- सरावात घेऊन बघितलेलंच एनर्जी जेल
- रेसनंतर घालायला मऊ, आधाराची चप्पल

बिबच्या मागे घरच्यांचा फोन नंबर, चालू असलेली औषधं आणि ॲलर्जी लिहा.

८. रेसचा दिवस

रेस सुरू व्हायच्या दोन-अडीच तास आधी उठा, म्हणजे टाचेला जागं व्हायला वेळ मिळेल. पलंगावरचं स्ट्रेचिंग, मग घरातल्या घरात चालणं, मग टेप. स्टार्टला जाऊन दहा मिनिटं चाला, दोन-तीन मिनिटं हळू पळा आणि सगळ्यात मागच्या घोळक्यात उभे राहा.

पेनकिलर खाऊन पळू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यासारख्या गोळ्या घेऊन इतका वेळ घाम गाळत पळलं तर किडनीवर ताण येतो, आणि थांबायची सूचना देणारं दुखणंच दबून जातं, मग तुम्ही टाच किती बिघडवताय ते कळतच नाही. पाणी तहान लागेल तसं प्या. रस्त्यातल्या पाण्याच्या प्रत्येक स्टेशनला जबरदस्तीने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं आणि ते खरोखर धोक्याचं असतं.

पहिले ३ किमी सगळे तुम्हाला मागे टाकून जातील, जाऊ द्या. चालायच्या ब्रेकला हात वर करा, कडेला या, मग चाला, मागचा आदळत नाही. रस्त्याचा कडेचा उतार टाळून सपाट भागावर पळा, एकच पाय सतत खाली पडत राहिला की त्या टाचेला त्रास होतो. पाण्याच्या स्टेशनपाशी ग्लास पडलेले असतात, ओलं असतं, तिथे चालाच. १५ च्या पुढे दमल्यामुळे पावलं जड पडायला लागतात, तेव्हा ब्रेक लवकर लवकर घ्या, ३ मिनिटं पळा आणि १ चाला, किंवा २ आणि १. वेळ हातात आहे.

या गोष्टी झाल्या तर मात्र थांबायचं, फिनिश दिसत असली तरी: तळव्यात अचानक काही तुटल्यासारखा आवाज किंवा झटका, हाडावर टोचणारं तीव्र दुखणं, लंगडणं, पाऊल बधिर होणं. मेडिकल टीमच्या माणसाला सांगा, मागून येणाऱ्या गाडीत बसा.

९. रेसनंतर

मेडल घेतलं की लगेच खाली बसू नका, दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालत राहा, मग शूज काढून आधाराची चप्पल घाला. घरी गेल्यावर टाचेखाली गोठवलेली पाण्याची बाटली १०-१५ मिनिटं फिरवा, बर्फ थेट कातडीला नको, मोजा घालून. दुसऱ्या सकाळी नंबर वाढलेला असणार, दोन-तीन दिवस तसा राहिला तर घाबरू नका. पण पायावर भार देता येत नसेल, तळव्यावर काळं-निळं दिसत असेल किंवा सूज उतरत नसेल तर थेट डॉक्टर.

परत पळायला कधी लागायचं, तर सकाळचा नंबर रेसच्या आधीच्या पातळीवर येऊन सलग तीन दिवस तिथेच राहिला की. पहिलं पळणं वीस मिनिटांचं, रन-वॉक, आणि दुसऱ्या सकाळी परत नंबर लिहायचा. टॉवेलवरचा टाच उचलायचा व्यायाम चार-पाच दिवसांनी पुन्हा सुरू करा आणि दुखणं पूर्ण गेल्यावरही काही महिने आठवड्यातून दोनदा चालू ठेवा.